गयाम्मा बाटल्या उचलायची

मागच्या महिन्यात आमच्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेवर बैठक झाली. नव्यानं लागलेल्या एका शिक्षिकेनं हातातला छापील कागद पुढे करून मला विचारलं, "सर, ही बाटलीची पद्धत कोणी सुरू केली? दुसऱ्या कुठल्या शाळेत नाही पाहिली मी."

कागदावरचं नववं कलम ती दाखवत होती. शेवटच्या घंटेनंतर आया आणि वर्गशिक्षक प्रत्येक मुलाची पाण्याची बाटली उचलून पाहतील. बाटली भरलेली लागली तर त्या मुलाला बाजूला घेऊन, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी बसून, त्याच्याशी बोलतील. तेलुगू, इंग्रजी आणि मराठी अशा तिन्ही भाषांत हे कलम छापलेलं आहे. खाली कुणाचं नाव नाही.

"जुनी पद्धत आहे," मी म्हणालो.

ती मान हलवून दहाव्या कलमाकडे वळली. मी मात्र तिथंच राहिलो. त्या उत्तरानं मी एका बाईचं नाव दुसऱ्यांदा पुसलं होतं. पहिल्यांदा कसं पुसलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही अर्धंच माहीत आहे.

गयाबाई आमच्या शाळेत आया होती. आमची शाळा आदिलाबादहून मावल्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. सिस्टर लोकांची, पहिली ते पाचवी. तेलुगू मुलं आयाला आयम्मा म्हणतात, मराठी मुलं तिला गयाबाई म्हणायची. दोन्ही मिळून कुणीतरी गयाम्मा केलं आणि तेच नाव पडलं. पुढे सिस्टरही तिला त्याच नावानं हाक मारू लागल्या. मी तिला शेवटपर्यंत गयाबाईच म्हणत राहिलो. आपण सर आहोत आणि ती आया आहे, हे त्या एका शब्दानं बरोबर जागेवर राहतं, असं मला वाटत असावं.

बुटकी, काटक बाई. डाव्या पायानं जरा ओढून चालायची. कानातलं सोनं केव्हाच गेलेलं. भोकं बुजू नयेत म्हणून त्यांत कडुलिंबाच्या काड्या. पदराच्या आतल्या बाजूला टाचण्यांची एक रांग लावलेली असायची. कुणाचं बटण तुटलं, कुणाच्या फ्रॉकची शिवण उसवली, की ती पदर उलटा करायची आणि रांगेतली एक टाचणी कमी व्हायची. संध्याकाळी जितक्या टाचण्या गेल्या असतील तितक्या सकाळी पुन्हा लागलेल्या असायच्या. त्या कुठून आणायची, शाळेनं कधी विचारलं नाही.

लिहिणं-वाचणं तिला येत नव्हतं. पण अडीचशे मुलांपैकी कोण कुणाचं, कुणाची आजी आजारी, कुणाचा बाप दुबईला गेला, कोणत्या पोरीला आंघोळ कोण घालतं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं. हिंदी, तेलुगू, मराठी आणि थोडी गोंडी, ज्या मुलाला जे लागेल त्यात बोलायची. चारही भाषा तिच्या तोंडी एकसारख्याच वाकड्या यायच्या.

शाळा सुटताना ती फाटकात उभी राहायची. मुलाला न्यायला आलेल्या माणसाचं तोंड ती फारसं पाहायचीच नाही. पाहायची मुलाचे पाय.

एकदा मी विचारलं, "गयाबाई, खाली काय पाहता?"

"पाय पाह्यतो ना सर. पोट्टं तोंडानं हासते, हात बी धरते. पन पाय खोटं नाही बोलत. ज्याच्याकडे जायाचं नाही, त्याच्याकडे पाय सरळ नाही पडत."

मी हसलो. पण एक दिवस तिसरीतल्या एका मुलाला न्यायला कुणी मामा म्हणून आला. कपडे नीटनेटके, मुलाच्या बापाचं नावही बरोबर सांगितलं. गयाम्मानं मुलाच्या पायांकडे पाहिलं आणि फाटकाची कडी घातली.

"अवो बाई, मी त्याचा सख्खा मामा आहो."

"असाल ना. तुमी खुर्चीवर बसा, च्या घ्या. त्याची माय येऊ द्या."

"मले काय चोर समजून राह्यली का तू?"

"नाही बाप्पा. चोर असते तर च्या नसता देला."

आई आली. माणूस खरोखरच मामा होता. पण नवराबायकोत वाद चालू होता आणि मुलाला आईला न सांगता आजोळी नेऊन ठेवायचं असं तिच्या माहेरच्यांनी ठरवलं होतं. आई फाटकातच खाली बसली. गयाम्मानं तिच्या पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवला आणि दुसऱ्या मुलांच्या पायांकडे वळली. त्या प्रसंगाबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

दुसरी एक गोष्ट मला जास्त आठवते. सकाळच्या प्रार्थनेत पहिलीतला एक मुलगा रांगेतच चड्डीत ओला झाला. मागच्या मुलांच्या अजून लक्षात यायचं होतं. गयाम्मा हातात पाण्याची बादली घेऊन जात होती, ती रांगेशी येऊन अडखळली आणि अख्खी बादली पाचसहा मुलांवर उपडी झाली. मुलं किंचाळली, हसली. सिस्टर रोझलिन, आमच्या मुख्याध्यापिका, केरळच्या. फारशा रागवायच्या नाहीत, पण त्या दिवशी रागावल्या. "गयाम्मा, देख के चलो ना."

"गलती हो गया सिस्टर. पाय सरकला," गयाम्मा म्हणाली आणि सहाही मुलांना कपडे बदलायला घेऊन गेली. तिच्या पत्र्याच्या डब्यात जुन्या धुतलेल्या चड्ड्या, फ्रॉक आणि सदरे घड्या घालून ठेवलेले असायचे. ते पहिलीतलं पोरगं दिवसभर इतर पाच जणांसारखंच, पाण्यानं भिजलेलं, मिरवत होतं. मी व्हरांड्यातून सगळं पाहिलं होतं. तिचा पाय सरकलेला नव्हता, ती मोजून दोन पावलं चालून गेली होती.

शाळेच्या अंगणात मेरीमातेची दगडी गुहा आहे. ती झाडायचं काम गयाम्माचं. झाडून झालं की घरून आणलेलं झेंडूचं एखादं फूल ती मूर्तीच्या पायाशी ठेवायची आणि मांडीवरच्या बाळाकडे पाहत म्हणायची, "तुह्यं लेकरू तुह्या मांडीवर हाय, माय. आमच्या अडीचशेंकडं बी पाह्य." सिस्टरना मराठी कळत नव्हतं, काय म्हणते म्हणून त्यांनी मला विचारलं होतं. मी अर्थ सांगितला.

बाटल्यांचं तर तिनं कुणाला मुद्दाम सांगितलंही नव्हतं. सुट्टी झाली की मुलं रांगेनं फाटकाकडे यायची; येता येता ती प्रत्येकाच्या गळ्यातली बाटली खालून तळहातावर उचलायची आणि सोडायची. एवढंच. नवीन माणसाला वाटावं, मुलाला थोपटते आहे. रिकामी लागली तर पुढचं मूल. भरलेली लागली तर ती त्या मुलाच्या कानाशी वाकायची.

"उन्हाळ्यात पोट्टं दिवसभर पानी नाही पेत म्हंजे काहीतरी हाय सर," तिनं मला एकदा सांगितलं. "एक तर दुखून राह्यलं, नाही तर भेव वाटून राह्यलं. पानी पेलं की मोरीले जा लागते ना. मोरीच्या वाटेत भेव असंल तर पोट्टं पानीच सोडते."

आता माझ्याकडे येतो. येणं भाग आहे.

मी या शाळेत हिंदी शिकवतो. घर मुधोळचं, वडिलांचं किराणा दुकान. सहा वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयातून आदेश आला की प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेची समिती हवी आणि तक्रारींचं रजिस्टर हवं. माझं अक्षर चांगलं म्हणून सिस्टरनी मला सचिव केलं. दर महिन्याला त्या रजिस्टरच्या पानाची नक्कल वर पाठवायची. तक्रार नसेल तर पानावर आडवी रेघ मारून लिहायचं: निरंक.

मी ते फार सुबक लिहायचो. आमच्या भागात कार्यालयातल्या माणसाला निरंक हा शब्द आवडतो. निरंक गेलं की उलट विचारणा येत नाही. मलाही वाटायचं, निरंक म्हणजे शाळा चांगली. तक्रार नोंदली जाते ती शाळा चांगली, हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं मी इतके दिवस म्हणत आलो. ते खरं नाही. सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "छोटी बात भी लिखना, सर."

त्याच वर्षी दुसरीच्या वर्गाला शिक्षक हवा होता. माझ्या मावशीचा मुलगा विलास बी.एड. करून घरी बसला होता. मी सिस्टरना शब्द टाकला, माझ्या भरवशावर त्यांनी त्याला घेतलं. हुशार मुलगा, गणित फार छान शिकवायचा. वर्ग असा शांत ठेवायचा की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत कुणी नाही. सगळे त्याचं कौतुक करायचे आणि ते कौतुक थोडं माझंही होतं.

त्या वर्गात नंदिनी नावाची मुलगी होती. महामार्गावर तिच्या वडिलांचं पंक्चर काढायचं दुकान. मुलगी किडकिडीत, केसांना घट्ट लाल फीत, बोलायची फार हळू.

जुलै संपत आला असताना गयाम्मा स्टाफरूमच्या दारात आली. चपला बाहेर काढून आत यायची.

"सर, दुसरीतल्या नंदिनीची बाटली आठ रोज झाले भरूनच जाते. लिवा तुमच्या वहीत."

स्टाफरूममध्ये तीनचार जण होते, विलासही होता. मी म्हणालो, "गयाबाई, बाटली भरली म्हणून कोणती तक्रार लिहू? बाटलीवर लिहू का पाण्यावर?"

सगळे हसले. तीही थोडी हसली. "मले काय समजते सर. तुमी लिवा, मंग सिस्टर विचारतीन."

"पाहतो," मी म्हणालो. महिनाअखेरीला लिहिलं: निरंक.

दुसऱ्यांदा ती ऑगस्टमध्ये आली. या वेळी मी एकटा आहे हे पाहून आली.

"सर, मी पोट्टीले विचारलं. तुमचे विलास सर तासाले बाहेर जाऊ देत नाहीत. जो कोनी विचारते त्याले खेळाच्या खोलीत उभं करतेत. दार लावून. अंधार असते तिथं. चार पोट्टे पानी पेनं सोडून बसले. नंदिनी तं शाळेत येऊन एक घोट नाही पेत."

"कोण म्हणालं?"

"पोट्टेच बोल्ले. अन् मी सोता दार उघडून एकाले बाहेर काढलं काल."

मी रजिस्टर काढलं. त्यात एक रकाना होता, तक्रारदाराची सही. मी बोट ठेवलं. "गयाबाई, इथं सही लागते. नाव, तारीख, सही."

"अंगठा चालते का?"

"विचारतो वर," मी म्हणालो.

कुणालाही विचारलं नाही. अंगठा चालतो हे मला माहीत होतं. आयुष्यभर वडिलांच्या दुकानात लोकांचे अंगठे पाहिलेले. त्याऐवजी मी विलासला चहाला नेलं. "अरे, पोट्ट्यायले बाहेर जाऊ देत जा रे जरा."

"दादा, एकाले सोडलं की पंधरा उठतेत. तुमाले माहीत आहे ना. दोन मिनटं उभं केलं तर काय होते?"

"अंधारात नको करू."

"बरं," तो म्हणाला. चहाचे पैसे त्यानं दिले. मला वाटलं, झालं, घरातल्या घरात मिटलं. महिनाअखेरीला लिहिलं: निरंक.

तिसऱ्यांदा ती आली ती शाई लावायचा पॅड घेऊनच. कार्यालयातून मागून आणला होता. तो माझ्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि उजव्या हाताचा अंगठा पदराला पुसून पुढे केला.

"कुठं लावू, दाखवा."

तिचा अंगठा मला आजही दिसतो. फिनेलनं त्याच्या पेराला चिरा पडलेल्या. मी पॅडचं झाकण बंद केलं, पॅड खणात टाकला आणि म्हणालो, "गयाबाई, मी त्याच्याशी बोललो आहे. पोरगा नवीन आहे, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे. तुम्ही एवढं ताणू नका."

ती म्हणाली, "आन् पोट्टीचा?"

मी वह्या तपासायला घेतल्या. ती थोडा वेळ उभी राहिली, मग चपला घालून गेली. त्या महिन्यातही निरंक.

सिस्टरकडे ती थेट का गेली नाही, असं कुणी विचारेल. तिला सांगितलेलं होतं की तक्रार समितीच्या सचिवाकडे द्यायची. मीच तसं आयांना उभं करून सांगितलं होतं. सांगितलेली वाट सोडून जाणं तिला माहीत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये नंदिनी तापानं फणफणली. लघवीचा त्रास आधी कितीतरी दिवस होता, तिनं घरी सांगितलंच नव्हतं. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला आणि तिला आदिलाबादच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. मी आणि सिस्टर भेटायला गेलो. डॉक्टर म्हणाले, "पोरगी पाणी पीत नव्हती आणि लघवी धरून ठेवत होती. महिनोन्‌महिने." पलंगाशेजारी तिचा बाप उभा होता, हाताच्या नखांत टायरची काळी धूळ. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "सर, शाळेत एवढे लोक असतेत. कोनालेच नाही दिसलं का?"

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. विलासनं मान खाली घालून कबूल केलं की मुलांना खोलीत उभं करत होतो. मग सिस्टर गयाम्माकडे वळल्या. त्यांनी फाटकात तिला बाटल्या उचलताना पाहिलं होतं.

"गयाम्मा, तुम तो रोज बोतल उठाती थी. तुमको पता नहीं चला?"

"चला ना सिस्टर. मैं बोली."

"किसको बोली?"

"सर को."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. रजिस्टर टेबलावरच होतं. त्यांनी ते उघडलं आणि माझ्या सुबक अक्षरातली तीन पानं एकामागून एक उलटली. निरंक. निरंक. निरंक. आडव्या रेघा पट्टीनं मारलेल्या.

"दत्ता सर?"

त्या वेळी माझ्यापुढे विलास बसला होता. मागे मावशी, मुधोळचं घर, माझं पंधरा वर्षांचं नाव. मी म्हणालो, "सिस्टर, मेरे पास ऐसा कुछ दर्ज नहीं है."

वाक्य खरं होतं. अजूनही ते वाक्य मला शब्दशः खरं वाटतं आणि म्हणूनच त्याच्याइतकं खोटं मी आयुष्यात काही बोललो नाही.

गयाम्मानं माझ्याशी वाद घातला नाही. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. ती माझ्या पायांकडे पाहत होती. मी टेबलाखाली पाहिलं, माझे दोन्ही पाय दाराकडे वळलेले होते.

विलासनं राजीनामा दिला. आता दुसऱ्या शहरात शिकवणी घेतो. मी त्याच्याशी बोलतो, पण लग्नकार्यापुरतं. गयाम्माला कुणी काढलं असं कागदावर कुठेच नाही. फक्त पालकांपुढे शाळेला उत्तर द्यायचं होतं, आणि एका आयानं वेळेवर सांगितलं नाही हे उत्तर सोपं होतं. सिस्टर रोझलिननी तिला बोलावून बराच वेळ समजावलं. त्या रडल्याही असं ऐकलं. त्यांनी रजिस्टरवर विश्वास ठेवला. रजिस्टर माझं होतं. गयाम्मानं किल्ल्या दिल्या, कपड्यांचा डबा नव्या आयाला उघडून दाखवला, पदराच्या उरलेल्या टाचण्या काढून त्यात ठेवल्या आणि गेली. मेरीमातेच्या पायाशी त्या दिवशी फूल नव्हतं.

पुढच्या महिन्यात सिस्टरनी नियम केला की रोज सगळ्यांच्या बाटल्या उचलून पाहायच्या. नियम मीच लिहून काढला.

नंदिनीला वडिलांनी शाळेतून काढलं. मी कधी त्या दुकानासमोर थांबलो नाही. महामार्गावरून जाताना मोटारसायकलच्या चाकात हवा कमी वाटली तरी पुढच्या दुकानापर्यंत रेटत नेतो.

बैठकीनंतरच्या रविवारी मी गेलो. मुधोळच्या अलीकडच्या एका गावात गयाम्मा लेकीकडे राहते, एवढं मला ठाऊक होतं. माझ्याच घराच्या वाटेवरचं गाव; सहा वर्षांत किती वेळा त्यावरून गेलो असेन. जाण्याआधी तिन्ही तक्रारी मी एका कागदावर लिहून काढल्या होत्या, माझ्या उत्तरांसकट. पिशवीत शाईचा पॅड घेतला होता.

ती अंगणात बसून वांगी निवडत होती. केस सगळे पांढरे. कानातल्या काड्या तशाच. मला पाहून तिनं हाताची माती झटकली.

"या सर. बसा. काऊन एवढे वाळले?"

लेकीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी म्हटलं, बाटली आहे माझ्याजवळ. बाजेवर बसलो, बाटली मांडीवर धरली आणि सांगायचं ठरवलेलं सगळं विसरून सरळ कागद काढला.

"वाचतो," मी म्हणालो.

वाचलं. ती वांगी निवडत ऐकत होती. किडकं एका बाजूला, चांगलं एका बाजूला. मी संपवल्यावर म्हणाली, "तीनदा नाही. चारदा."

"चार?"

"चवथ्यानं फाटकात सांगितलं. तुमी गाडी चालू केली होती. मी म्हनलं, सर, पोट्टीचं आंग तपते. तुमी म्हनले, उद्या. तुमाले आठवत नसंन."

मला खरंच आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. मला वाटत होतं, माझ्या अपराधाचा मी एक शब्दही विसरलेलो नाही, आणि त्यातला सगळ्यात मोठा तुकडा माझ्याजवळ नव्हताच. तो सहा वर्षं तिनं एकटीनं ठेवला होता. मुलीला ताप होता त्या दिवशी.

मी खाली चौथी तक्रार लिहिली. मग पॅड काढून उघडला. तिनं पॅडकडे पाहिलं आणि हात पुढे केला, पण अंगठा नव्हे.

"पेन द्या. मले सही येते आता. बायांच्या बचत गटात शिकली."

कागद मांडीवर घेऊन, जीभ दातांत धरून, तिनं चार अक्षरं काढली. शेवटच्या ईचं शेपूट रेघेबाहेर गेलं. नाव, तारीख, सही. मी रकान्यावर बोट ठेवून सांगितलं होतं तेच.

"आता काय करान याचं?"

"उद्या सिस्टरांना देतो. नव्या सिस्टर आहेत. रजिस्टरला जोडायला सांगतो. वरही पाठवायला सांगतो."

"तुमची नौकरी?"

"पाहू."

मी माफी मागितली. ती कशी मागितली ते इथं लिहीत नाही, नीट जमली नाही. तिनं हातातलं वांगं उलटसुलट करून चांगल्याच्या बाजूला ठेवलं आणि विचारलं, "नंदिनी कशी हाय?"

"माहीत नाही."

"पानी पेते का?"

"माहीत नाही, गयाम्मा."

मी पहिल्यांदा तिला त्या नावानं हाक मारली. तिच्या लक्षात आलं की नाही, कळलं नाही.

"मंग आधी तिकडे जा लागत होतं सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. फाटकात एखाद्या मुलाला रांग चुकली म्हणून सांगायची, तसं. "मह्याकडे काय. मी तं पेतो पानी."

मी उठलो. ऊन टळटळीत होतं, दोन तास झाले होते मला येऊन. ती कुंपणापर्यंत पोचवायला आली, डावा पाय ओढत. मी मोटारसायकलला किल्ली लावली. बाटली गळ्यात अडकवलेली होती. तिचा हात जुन्या सवयीनं पुढे आला, खालून तळहातावर बाटली उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"सर," ती म्हणाली, "भरलेलीच हाय."

आणि ती माझ्या कानाशी वाकली.